धुतलेली तिकिटं

चैत्र, १९४७. कडावच्या घराच्या खळ्यात मी तांदळाच्या फेण्या वाळत घालत होते. कडेच्या सुपात फेण्यांऐवजी टपालाची तिकिटं दिसली. ओली.

तिकिटं माझ्या सासऱ्यांची. तरुणपणी मामंजी बोटीवर कोळसा टाकायचे. एकदा बोट रशियाच्या पूर्वेकडच्या बंदरात अडकली. तिथे आपसातलीच लढाई पेटलेली. नव्याने बसलेल्या सरकारला स्वतःची तिकिटं छापायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी बादशहाच्या वेळच्या उरलेल्या तिकिटांवरच आपलं नाव आणि नवी किंमत यांचा जांभळा शिक्का मारला. ते सरकार काही फार टिकलं नाही. तिकिटं मात्र मामंजींबरोबर कडावला आली. गावात कोणाला हे खरं वाटत नसे. "काय वो, तुमचा रशियाचा राजा काय म्हंतो?" असं पारावर रोजचं.

तिकिटं जमवणारे मुंबईचे एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम बघायला येणार होते. पाहुण्यापुढे मळकी वस्तू कशी ठेवायची, म्हणून मामंजींच्या थोरल्या बहिणीने, आमच्या आत्याबाईंनी, तिकिटं रिठ्याच्या पाण्यात घातली होती.

"सगल्यांवर डाग व्हते. घासून घासून अंगठा दुखला माजा."

"अगं, डाग नवता तो. सरकार व्हतं!" मामंजी ओरडले.

"बोटानं पुसलं तं ग्येलं. कसलं रं तुजं सरकार?"

मामंजी ओटीवर जाऊन बसले. जेवायलाही उठेनात. "पावन्याला निरोप धाड, येऊ नको म्हनावं. गाव म्हंतो तसा मी खोटाच."

मी आधी तिकिटांचा पत्र्याचा डबा तपासला. कुठल्याशा पावसाळ्यात एक तिकीट झाकणाला आतून चिकटलं होतं आणि आत्याबाईंच्या तावडीतून सुटलं होतं. शिक्का जागेवर होता. झाकण मामंजींपुढे ठेवलं.

"एकानं काय व्हतंय?"

"धुतलेलं शेजारी ठेवा. जुन्यावर शिक्का मारून नवं कसं केलं, ते पाहुण्याला आपोआप दिसेल. निरोप मी धाडणार नाही."

संध्याकाळी मामंजींनी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गड्याला बैलगाडी जुंपायला सांगितली आणि पाहुण्याला आणायला कर्जत स्टेशनावर गेले. झाकण बरोबर नेलं नाही. ते दाखवायचं काम मामंजींचं होतं.