गाणं दाखवायचं, गायचं नाही

"बोलू नकोस! एक अक्षर बोलू नकोस!"

"मग तू बोलायला लावू नकोस."

"ऐकतेयस का स्वतःचा आवाज? गंजलेली बिजागरी बरी याच्यापुढे."

"बिजागरीला तेल घालतात. मला गरम पाणी दे."

"पाणी देते. जायचं नाही."

"जाणार."

"पाटीवर लिही!"

आईने टेबलावरची पाटी ओढली, खडूने टपोऱ्या अक्षरांत 'जाणार' असं लिहिलं, खाली कचकन एक रेघ मारली आणि पाटी लेकीच्या नाकासमोर धरली. खडूचा कण उडून लेकीच्या चहात पडला. एरवी दोघी हसल्या असत्या.

लेकीचं घरातलं नाव ठकी. ठकी एका कचेरीत नोकरीला होती, नेमून दिलेल्या वेळेला जायची, नेमून दिलेल्या वेळेला यायची. आज मात्र ती घरी थांबली होती. पाटी तिनेच आणलेली, लहान मुलांची, लाकडी चौकटीची. डॉक्टरांनी आईच्या घशात दुर्बीण घालून बघितलं होतं आणि सांगितलं होतं, स्वरयंत्रावर गाठ आहे, ऑपरेशन होईपर्यंत कडक मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने तर जास्तच ताण पडतो. "आणि नंतर?" आईने विचारलं होतं. डॉक्टर हात धूत होते. "बोलता येईल की," ते म्हणाले होते. गाता येईल, असं म्हणाले नव्हते.

गाणाऱ्यांच्या जगात आईला सगळे डमीताई म्हणत. गाणं तयार झालं की संगीतकार ते आधी डमीताईकडून गाऊन घ्यायचा. शब्द अजून आलेले नसायचे, तेव्हा 'चंदा मंदा, आला गेला' असलं काहीही चालीत बसवून ती गायची. मग ते ध्वनिमुद्रण मोठ्या गायिकेकडे जायचं, ती ते ऐकून चाल उचलायची, खरं गाणं गायची आणि डमी पुसली जायची. घाईचं काम असलं की डमीताई घरीच गायची. कपाट उघडून, टांगलेल्या कपड्यांत तोंड घालून, म्हणजे रस्त्यावरचे भोंगे आत येत नसत. ठकी लहानपणी सगळ्यांना सांगायची, "माझी आई कपाटात काम करते."

उरलेल्या दिवसांत कोरसमध्ये उभं राहायचं, नाहीतर हॉटेलात लोक जेवत असताना कोपऱ्यात गायचं. ठकीचे बाबा त्याच हॉटेलात गिटार वाजवायचे. एक दिवस गिटार घेऊन गेले ते गेलेच. तेव्हापासून घर चाललं ते या गळ्यावर.

डमीच्या कामाचा एक कायदा होता, आणि संगीतकाराने तो पहिल्याच दिवशी सांगितला होता: "ताई, गाणं दाखवायचं, गायचं नाही." चाल नीट कळली पाहिजे, पण ऐकणारीला धाक वाटता कामा नये. जीव ओतायचा नाही. डमीताईने इतकी वर्षं तो कायदा पाळला. सूर चोख, चेहरा कोरा. ती स्वतःच म्हणायची, "मी म्हणजे कापड दुकानातला पुतळा. साडी बघा, मला बघू नका."

आणि मग ज्या दिवशी डॉक्टर हात धूत होते, त्याच दुपारी ती तिथून थेट संगीतकाराकडे गेली. काम ठरलेलंच होतं. त्याच्या घरातली मागची खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. अंतऱ्यात एक वळण होतं, सूर वर चढतो, तिथे जरा थांबतो आणि मग हात सोडल्यासारखा खाली येतो. ते वळण आलं आणि तिच्या मनात आलं, की पुन्हा हे आपल्याला येणार नाही. मोडला कायदा. तिने ते गाणं दाखवलं नाही. गायलं.

काम संपल्यावर संगीतकाराने फक्त पंखा बंद केला.

दोन-चार दिवसांनी, ते गाणं ज्या गाणार होत्या त्या मोठ्या बाईंनी ती डमी ऐकली. कानांवरचे हेडफोन काढले, टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे झालेलं आहे. आता मी यात काय घालू? हिलाच गाऊ द्या." त्या रागाने म्हणाल्या की खरंच, ते कुणालाच कळलं नाही. पण संगीतकाराने फोन केला: "ताई, गाणं तुमचं. शब्द आलेत. डमीतले ठेवता येणार नाहीत, तेव्हा नव्याने गावं लागेल. स्टुडिओ घेतलाय. येताय ना?"

तिने हो म्हटलं. एवढं एक 'हो' तिने पाटीवर लिहिलं नव्हतं.

तो स्टुडिओ आज दुपारचा होता.

"पिशवी कुठेय माझी?" आई म्हणाली. अर्धा आवाज, अर्धी हवा.

"मला काय माहीत."

"ठके, लपवलीस?"

"मी काय लहान आहे लपवायला? दाराआड लटकतेय. तुझ्या डोळ्यांचंही ऑपरेशन करायचंय का?"

आईने पिशवी घेतली. पाण्याची बाटली घातली, गाण्याचे शब्द लिहिलेला कागद घातला. आरशासमोर उभी राहून केस विंचरायला लागली. ठकी मागे येऊन उभी राहिली. आरशात दोघींचे चेहरे एकाखाली एक.

"एका गाण्यासाठी?" ठकी म्हणाली.

आईने मान हलवली. हो.

"आणि मधेच आवाज फाटला तर? सगळ्यांसमोर?"

"फाटण्याआधी होईल."

"अगं, रक्त येईल घशातून! डॉक्टर काय म्हणाले तुला कळलं नाही का? की त्यांचीसुद्धा डमीच ऐकलीस, नुसती चाल, शब्द नाहीत?"

आईला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून खोकला आला. कोरडा, लांबलचक, थांबता थांबेना. ठकीने तिच्या पाठीवर हात फिरवला. खोकला थांबल्यावरही तो हात पाठीवरच राहिला.

"माझं नाव येईल त्याच्यावर," आई म्हणाली. "एकदा तरी."

"नाव! नाव चाटायचंय? मला आई हवीय. मला हाक मारणारी आई हवीय."

आई वळली. तिने ठकीचा गाल धरला, लहानपणी धरायची तसा. पोरगी इतकी का चिडलीय ते तिला कळत होतं. पण एक गोष्ट कळत नव्हती. ठकी रडकुंडीला आली होती, ओरडत होती, पण दाराला आडवी झाली नव्हती. किल्ली खिशात घातली नव्हती. पिशवीचा पत्ताही सांगून मोकळी झाली होती. हिला भांडायचं होतं, अडवायचं नव्हतं, असं कसं?

फोन वाजला. संगीतकाराचा. आईच्या एका हातात फणी, दुसऱ्यात रबर. तिने बोटाने स्पीकर सुरू केला.

"ताई, बोलू नका! अजिबात बोलू नका, मीच बोलतो. मुलीने सकाळी सगळं सांगितलं. अहो, इतकं झालं आणि मला कळवलं नाहीत? बरं झालं तिने फोन केला. तुम्ही आराम करा. गाण्याची काळजी सोडा, मी बाईंच्या हातापाया पडलो, त्या गातायत. निघाल्यासुद्धा."

आईची फणी केसांतच राहिली.

"फक्त एक विनंती होती. अंतऱ्यातलं ते वळण बाईंना अगदी तुमच्यासारखं हवंय. तुम्ही येऊन जरा समजावाल का? गायचं नाही हो! हाताने दाखवा. तुम्ही हाताने फार सुरेख दाखवता. आणि पुढच्या कामाचंही टेन्शन घेऊ नका, डमीसाठी एक नवी मुलगी मिळालीय. चुणचुणीत आहे. तुम्ही निवांत बऱ्या व्हा. येताय ना? बरं बरं, बोलू नका. ठेवतो."

फोन बंद झाला. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवली.

गाणाऱ्यांत कुणी कुणाला घशाचं सांगत नाही. सर्दी झाली तर पाहुणे आलेत म्हणायचं, आवाज बसला तर गावाला गेलेय म्हणायचं. कोरसमध्ये डमीताईच्या शेजारी उभी राहायची ती बाई एकदा सहज बोलून गेली होती, हल्ली वर जाताना घसा खरखरतो गं. त्यानंतर तिला फोन आले ते फक्त तब्येत विचारायला. मग तेही थांबले. आईने हे ठकीला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. घरात ते हवेसारखं होतं, तिला वाटलं होतं पोरीला ठाऊकच असेल.

"मला वाटलं ते तारीख पुढे ढकलतील," ठकी म्हणाली.

आईने फणी काढली. टेबलावर ठेवली.

"आई, खरंच. मला वाटलं, आजारी आहे म्हटल्यावर थांबतील. माझ्या कचेरीत मेसेज टाकला की सुट्टी मिळते. परत गेलं की खुर्ची तिथेच असते. मी म्हटलं, ऑपरेशन होऊ दे, मग गाऊन घ्या तिच्याकडून. ते 'हो हो' म्हणाले. गोड बोलले. तुला विचारलं असतं तर तू करू दिलं असतंस का? नसतंस दिलं. मग मी काय करायचं होतं? बघत बसायचं?"

आईच्या तोंडाशी शब्द आले. खूप आले. आजवर कुणालाच न बोललेले, संगीतकाराला, मोठ्या बाईंना, गिटार घेऊन गेलेल्याला, आणि या पोरीलाही. तिने पिशवीतून गाण्याचा कागद काढला, घडी घातली आणि पुन्हा पिशवीतच ठेवला.

"कुठे निघालीस? त्यांना दाखवायला? आई, तू त्यांना हाताने दाखवायला जाणारेस?"

आईने चपला घातल्या.

"ओरड ना माझ्यावर. काहीतरी बोल. बरं, बोलू नकोस, हे घे, लिही." ठकीने बाहीने पाटी पुसली. 'जाणार' नीट पुसलं गेलं नाही, रेघ तेवढी राहिली. तिने पाटी आणि खडू पुढे केला. "लिही गं. 'चूक केलीस' लिही. 'तोंड बघायचं नाही' लिही. काहीही लिही."

आईने पाटीकडे बघितलं. खडूने धुरकट झालेल्या काळेपणावर ती एकटी रेघ. खडू तिने घेतला नाही. दार उघडलं आणि जिना उतरायला लागली.

"आई!"

पहिल्या वळणावर तो आवाज तिच्या मागून आला. "आई, बोल ना!" दुसऱ्या वळणावर आणखी वर चढला, जिन्याच्या रिकाम्या भिंतींतून सरळ, कुठेही न खरखरता, अंतऱ्यातल्या त्या सुराच्याही वर. पोरगी कधी गायला शिकली नव्हती.

कठड्याला धरून आई उतरत राहिली.