टेकू लावणारा

तुमसरच्या सरकारी दवाखान्यात, समुपदेशनाच्या खोलीबाहेर तो मला भेटला. नवरा गेल्यापासून माझी झोप उडाली होती. लोक वेडी म्हणतील या भीतीनं दोनदा मी त्या दारावरून परत गेले होते. त्या दुपारीही उठून निघणारच होते.

तो मात्र बाकावर ऐसपैस बसला होता. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून थेट आलेला, नखांत काळी माती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत जयभीम.

"ताई, पयल्यांदा आल्या का?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली.

"माहा भाऊ तापानं गेला. दोघंबी एकाच शिफ्टले होतो. तो गेल्यावर मी खाणीच्या तोंडापासूनच वापस फिरत होतो. चार महिने खाली उतरलो नाही. मंग इथं येऊ लागलो."

"लाज नाही वाटली?"

"कायची लाज? खाणीत आमी छत ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला का खाली टेकू लावतो. टेकू लावणाऱ्याले कोणी भेकड म्हणत नाही, ताई."

इतक्या महिन्यांत माझ्याशी इतकं साधं कोणी बोललं नव्हतं.

आतून त्याला बोलावणं आलं. "आंधी या ताईले घ्या," तो म्हणाला, "मले तं आज फक्त एक गोष्ट सांगाची आहे."

मी आत गेले. तासभर बोलले, रडलेही. बाहेर आले तेव्हा तो फोनवर मुलीला ओरडून सांगत होता, "आज उतरलो ना माय! पुरी शिफ्ट करून वर आलो!"

बाकावरची सगळी माणसं हसत होती. त्यांच्यात मीही होते.