साफ केलेली देवी

जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात आमच्या गावची देवी दिसली. कॅमेरा नवा नवा आला होता, तेव्हाचा फोटो. कोरीवकाम नीट दिसावं म्हणून फोटो काढणाऱ्या गोऱ्या साहेबाने तिच्या अंगावरचा शेंदूर खरवडून काढला होता. खाली लिहिलं होतं, ‘साफ केल्यानंतर’.

देवीची रोजची पूजा करणाऱ्या गुरवकाकू माझ्यासोबत होत्या. त्या फोटोच्या काचेशी वाकल्या. “साफ? मळकी होती का ती? उघडी केली की हो माझी आई!”

माझंही डोकं तडकलं. शेंदराचा एकेक थर म्हणजे कुणाचा तरी फेडलेला नवस. तो काय मळ होता?

काकूंनी बटव्यातला शेंदूर काढून काचेवरच, देवीच्या कपाळी टेकवला. रखवालदार धावत आला. “ओ बाई, काचेला हात लावू नका!”

काचेला एवढी राखण! देवीला हात घातला, तेव्हा कुठे होता रे तुम्ही?