खबऱ्याला मारायचं न्हाई

आप्पा आधी हाणायचे, मग नाव विचारायचे. कारेगावात त्यांनी कुणाच्या कानाखाली वाजवली, की लांब दौंडच्या रेल्वे स्टेशनात गाडीची घोषणा पुन्हा करावी लागे, हे मी शपथेवर सांगते. ग्लू बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ते लॅबचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालची केमिस्ट. तीन स्टुलं, दोन दारं आणि एका सेल्समनचा दात त्यांनी माझ्यादेखत मोडला.

हाच माणूस मायक्रोस्कोपपुढं बसला, की हात मोरपिसाचे व्हायचे. नमुन्यात ते चमकणाऱ्या रंगाचा एक थेंब सोडत. पातळ ग्लूमध्ये तो रंग गप्प राही, घट्ट जागा सापडली की पेटून उठे. आप्पा त्याला खबऱ्या म्हणत. उजेड जास्त झाला तर तो कायमचा विझतो, म्हणून दिवा मंद. "केमिस्टबाई, खबऱ्याला मारायचं न्हाई. मारला की गेला कामातनं!"

एका सकाळी टाकीभर ग्लूच्या गुठळ्या झाल्या. पाणी लागलं की आमचा ग्लू गोठतो. आळ आला ऑपरेटर दत्तावर. न्हावरे गावचा गडी, नळ चालू ठेवून डुलकी काढली म्हणे. कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी त्याला गेटजवळ लोळवून तुडवला. प्रत्येक लाथेमागं "कबूल कर!" शेवटी तो रक्त थुंकत म्हणाला, "व्हय, म्याच सोडलं पानी."

"मार खाऊन बोललाय, म्हंजी खोटं!" आप्पा ओरडले आणि स्टूल घेऊन घुसले. दोघांची डोकी फुटली, एकाचं मनगट गेलं. दत्ताला खांद्यावर टाकून त्यांनी लॅबला आतून कडी घातली. बाहेरून दारावर लाथा पडत होत्या. आप्पांनी खबऱ्या सोडला, दिवा मंद केला.

पाण्यानं झालेल्या ताज्या गुठळ्यांच्या कडा मऊ, पुसट दिसतात. इथं फुटक्या काचेसारखे धारदार तुकडे झगझगत होते. ती जुन्या, वाळलेल्या ग्लूची खपली होती. टाकी सॉल्व्हंटनं न धुताच भरली होती.

"धुतली म्हणून पास कुणी केली?" मी रजिस्टर उघडलं. सही आप्पांची होती.

"न बघताच मारली हुती," ते म्हणाले आणि स्वतःच्या थोबाडीत दिली. तिचा आवाज मी वाढवून सांगणार नाही. आम्ही तिघांनीच ऐकला.

त्यांनी कडी काढली आणि दारातल्या मॅनेजरला रजिस्टर दाखवलं. मॅनेजर कुजबुजला, "आप्पा, गप्प बसा. तुमची नोकरी जाईल. पोरगं कबूल झालंय ना?"

"म्हनूनच सांगतोय. चूक माझी हाय."

त्यांची नोकरी गेली. संध्याकाळी ते डबा घेऊन गेटवर आले. सुजलेल्या तोंडाचा दत्ता बाइक लावून उभा होता. "बसा आप्पा, घरी सोडतो. मागनं हानू नका म्हंजी झालं."

आप्पांनी मागं बसून हात उचलला. दत्तानं डोळे मिटले. हात त्याच्या खांद्यावर अलगद टेकला आणि गाडी सुटली.

लॅब आता माझ्याकडं आहे. दिवा मंदच असतो. आणि सही मी बघूनच करते.