अंकल सेंगच्या टीममध्ये मी केलेली दुरुस्ती

आधी कबूल करा, कुणी हसायचं नाही. आणि मंडळाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही! तिथे माझी जी काही इज्जत उरलीय ती मला हवी आहे. तर एका माणसाचं कित्येक वर्षांचं काम मी एका दुपारी ‘दुरुस्त’ केलं आणि घरदार गमवायची वेळ आणली, ते सांगतो.

सिंगापूरला, बिशानमध्ये आमचा भाड्याचा फ्लॅट. घरमालक अंकल सेंग. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम एक पेन. तरुणपणी अमेरिकेत एका बंदरावर इंजिनियर होते, आता यिशुनला मुलीकडे राहतात. दर तीन महिन्यांनी घर तपासायला येतात. बरं, माणूस ओरडत नाही हो! नळ सोडतात, नळ बंद करतात आणि माझ्याकडे बघतात. एवढंच. पण तेवढ्यानं मी न विचारताच खुलासे द्यायला लागतो.

चांगी बिझनेस पार्कात वीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, खोटं कशाला सांगू, तिथे मी बरा ओरडतो. पण घरमालक म्हटलं की माझी बोबडी वळते.

त्यात तो शनिवार! दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि दुपारी चार वाजता अंकल नव्या कराराचे कागद घेऊन येणार होते. सही झाली की दोन वर्षं निश्चिंत. नाही झाली तर? अन्वीची शाळा रस्ता ओलांडला की समोर. आणि घरात फोडणी चालेल म्हणणारा दुसरा मालक बिशानात शोधून दाखवा मला! हे घर मिळायच्या आधी आम्ही अकरा घरं बघितली होती. अकराही ठिकाणी ‘नो कुकिंग’.

आता हॉलमधली फ्रेम. अंकलनी घर देताना सगळं सामान आमच्या हवाली केलं, फक्त एका वस्तूकडे बोट दाखवून म्हणाले, “धिस वन, डोन्ट टच.” एका काचेमागे नऊ चौकटी, प्रत्येक चौकटीत एका बेसबॉल खेळाडूचं फोटो छापलेलं कार्ड, हौशी लोक जमवतात आणि दर साली नवं निघतं तसलं, खाली पेनानं लिहिलेलं त्याचं नाव. फ्रेमच्या तळाशी पितळी पट्टी, तिच्यावर त्यांच्या लाडक्या टीमचं नाव आणि ती टीम जिंकली ते साल. टीमचं नाव मी घेणार नाही. अजून हातपाय गार पडतात.

सकाळपासून मी साफसफाई करत होतो. काचेच्या आतल्या बाजूला बुरशीचे ठिपके दिसले. म्हटलं, चार वाजता म्हाताऱ्याला हे दिसलं तर संपलंच! फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा काढला, नऊही कार्डं सोफ्यावर ओळीनं मांडली. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. काही कार्डांची किनार निळी होती, काहींची लाकडी रंगाची. मागे छापलेलं साल बघितलं तर निळी कार्डं पितळी पट्टीवरच्या सालची, लाकडी त्याच्या पुढच्या सालची. म्हणजे अंकलनी दोन सालं एकत्र केली होती!

“म्हातारबुवांनी घोळ घातलाय,” मी शलाकाला हाक मारून सांगितलं. शलाका म्हणजे माझी बायको.

“घातला तर घातला,” ती आतून म्हणाली. “तू फक्त काच पूस.”

मी काच धुवायला बाथरूममध्ये गेलो. बाहेर आलो आणि जागच्या जागी थिजलो. आमच्या अन्वीनं, वय वर्षं आठ, स्टोअररूममधला अंकलचा बुटांचा खोका बाहेर काढला होता. त्यात उरलेली कार्डं होती, म्हणजे याच नऊ जणांची, दुसऱ्या सालची. ती तिनं सोफ्यावर ओतली, सगळ्यांचं दुकान मांडलं आणि गरम होतंय म्हणून पंखा पाचवर केला. कार्डं घरभर!

“अन्वी!!”

“बाबा, डोन्ट शाउट लाह, आय पिक अप.”

पिक अप केलंन हो पोरीनं, अठराच्या अठरा. पण चौकटीतली कुठली आणि खोक्यातली कुठली, हे आता देवाला ठाऊक आणि अंकलना. घड्याळात अडीच.

“फोटो असेल की!” शलाका म्हणाली. “राहायला आलो तेव्हा तू घरभर फोटो काढत फिरत होतास.”

खरंच काढले होते. नळाचे, कड्यांचे, संडासाच्या टाकीचे तर चार बाजूंनी चार! फ्रेमचा एकच सापडला. त्यात काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्याखाली माझं पोट.

माझं तर तोंडचं पाणी पळालं. पण इंजिनियर माणूस भ्याला की लॉजिक मांडतो. मी कार्डं उलटी करून वाचायला लागलो. मागे खेळाडूच्या धावांचा वगैरे हिशेब छापलेला असतो. निळ्या कार्डांवर तो जिंकलेल्या सालाच्या आधीपर्यंतच होता. जिंकले त्या सालाचा खेळ होता लाकडी कार्डांवर.

“सापडलं!” मी ओरडलो. “कार्ड म्हणजे लाइटबिल आहे. मार्चचं बिल एप्रिलमध्ये येतं. तसं त्या सालचा खेळ पुढच्या सालच्या कार्डावर. नऊही लाकडी लावायची!”

“काहीतरीच काय! पट्टीवर जे साल आहे तेच कार्डावर नको?” शलाका म्हणाली. “आणि मघाशी तूच म्हणालास ना, दोन रंग होते म्हणून?”

“ती त्यांची चूक. मी सुधारतोय. उलट खूश होईल म्हातारा.”

“अरे, पण या लाकडीवाल्या तिघांचे शर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत.”

“बाहेरगावी खेळताना घालत असतील.”

बघा, बेसबॉलची एक मॅच न बघितलेला माणूस हे छातीठोक सांगत होता! पण खरं सांगू का, भीतीनं डोकं चालत नव्हतं. मला काहीतरी एक ठरवायचं होतं आणि नऊ एकसारखी कार्डं लावली की जीव थंड होणार होता. तीन चाळीसला फ्रेम भिंतीवर गेली. इतकी नेटकी दिसत होती की मी तिचा फोटो काढला. या वेळी पोट न येता.

चारला बेल वाजली.

अंकलनी नळ सोडले, बंद केले. एसी लावला, बंद केला. ओट्यावरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं आणि, विश्वास ठेवा, किंचित मान हलवली! सोफ्यावर बसले, कागद काढले, खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. पेन कागदाला टेकणार, इतक्यात त्यांची नजर भिंतीकडे गेली.

अंकल उठले. फ्रेमपाशी जाऊन चष्मा वर केला. मग खाली केला.

“हू टच?”

मी म्हणणार होतो की फक्त काच पुसली. पण आमचं कन्यारत्न पुढे झालं.

“अंकल, बाबा सेड यू डू राँग. सो बाबा करेक्ट फॉर यू ऑलरेडी!”

भूमी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. शलाकानं डोळे मिटून घेतले होते.

अंकलनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. तो टिक् आवाज मला अजून ऐकू येतो. त्या क्षणी मी आमचं सामान टेम्पोत चढलेलं बघितलं, अन्वीला नव्या शाळेत रडताना बघितलं आणि स्वतःला तेराव्या घराच्या दारात ‘कुकिंग अलाउड?’ विचारताना बघितलं. आणि घाबरून मी बोलायला लागलो. पाठचा हिशेब, मार्च, एप्रिल, लाइटबिल, सगळं एका दमात.

“लाइटबिल?” अंकल म्हणाले.

मग त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. आवाज अगदी हळू. हा आमचा गोलंदाज, म्हणाले. यानं फायनल जिंकून दिली आणि पुढच्या साली आमच्या वैऱ्यांकडे गेला. हा त्यांचा शर्ट. हा दुसरा, हाही तिकडेच. हा तिसरा, तोही. म्हणून या तिघांची निळी कार्डं लावली होती. आणि बाकीचे सहा जिंकायच्या साली नव्यानं आले, त्यांच्या निळ्या कार्डांवर जुन्या टीमचे शर्ट, म्हणून त्यांची लाकडी. एकेका माणसाचं साल ठरवायला मी किती पत्रं लिहिली, किती दुकानं फिरलो, तुला माहीत आहे?

“अँड यू,” ते म्हणाले, “माझ्या हॉलमध्ये तीन शत्रू टांगलेस.”

मला खरंच रडू आलं. नुसती भीती नव्हती ती, लाजही होती. मी “सॉरी अंकल” एवढंच म्हणू शकलो.

अंकलनी फ्रेम उतरवली, जमिनीवर मांडी घातली आणि अठरा कार्डं माझ्यासमोर पसरली. “यू डू. आणि प्रत्येकाचं कारण सांग.”

काय सांगू! दहावीची तोंडी परीक्षा परवडली. चुकलं की ते फक्त “अगेन” म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून. शलाकानं चहा दिला तो त्यांनी घेतला, मला घेऊ दिला नाही. साडेसहाला नऊच्या नऊ कारणं बरोबर आली आणि फ्रेम भिंतीवर चढली.

तेव्हा कुठे पेन पुन्हा बाहेर आलं. अंकलनी सही केली. दोन वर्षं! मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच त्यांनी सहीच्या वर हातानं एक ओळ लिहिली आणि कागद पुढे सरकवला. अन्वीनं ती मोठ्यानं वाचली. भाडेकरूंनी स्वयंपाक करावा, खिळे ठोकावेत, पण मिस्टर मंदार यांनी, म्हणजे अस्मादिकांनी, या घरात कशाचीही साफसफाई करू नये.

मी मनातल्या मनात उड्या मारल्या! पण शलाकानं कागद हातात घेतला, ओळ दोनदा वाचली आणि गोड हसून म्हणाली, “अंकल, फ्लोअर अँड टॉयलेट, कॅन?”

अंकलनी तेवढ्याच गंभीरपणे विचार केला आणि कंसात लिहिलं, ‘फ्लोअर, टॉयलेट, कॅन.’

तेव्हापासून आमच्या घरी फरशी आणि संडास माझ्याकडे आहेत, तेही लेखी. आणि साक्षीदार म्हणून खाली सही शलाकाची आहे.