भोंग्याची साक्ष

दुलईला खोळ घालत होते. दोन कोपरे नीट बसले होते, तिसरा हाताला लागत नव्हता. मी खांद्यापर्यंत खोळीत शिरलेली असतानाच दारावर नखाने टकटक झाली. भाऊजी, माझे धाकटे दीर. ते कधी हाक मारत नाहीत.

"या की आत. आलाच आहात तर हा कोपरा धरा."

त्यांनी कोपरा धरला, सोडला, परत धरला. "व… व… वहिनी." मी खोळीतून डोकं बाहेर काढून थांबले. घाई केली की त्यांचा शब्द आणखी आत जातो. "रविवारी ये… याल? माझ्याबरोबर? साक्ष आहे मा… माझी."

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. आमच्या चर्चमध्ये असं कोणी सांगत नाही. भाऊजी हल्ली जातात त्या नव्या चर्चमध्ये दर रविवारी कोणीतरी सांगतं. तिथल्या पास्टरांनी जाहीर करून टाकलं होतं, की येत्या रविवारी साउंडवाला भाऊ उठेल आणि आपली अडणारी जीभ प्रभूने कशी मोकळी केली ते सांगेल.

दुलई अर्धी खोळीत, अर्धी बाहेर तशीच राहिली. दोन दिवस राहिली.

भाऊजींचं दुकान स्पीकर दुरुस्तीचं. आत शिरलं की डाव्या हाताला फाटलेल्या पडद्यांचे स्पीकर, उजवीकडे उघडे अ‍ॅम्प्लिफायर, मध्ये एक माणूस बसेल एवढीच जागा आणि कायम जळक्या कथलाचा वास. लोकांच्या सभांचे, शाळांचे, लग्नांचे आवाज तिथे येऊन बरे होतात. समोरच्या न्हाव्याने त्यांचं नाव ठेवलं भोंगा. "सगळ्या गावाला ऐकू जातो आणि स्वतःला काही म्हणायचं नसतं, तो भोंगाच की!" भाऊजीही हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. माइक दुरुस्त झाला की दुसरा कोणीही "हॅलो, हॅलो" करून बघेल. भाऊजी शीळ घालून बघतात.

त्यांच्या वाटचं बोलायचं काम सासूबाईंकडे. "त्याला पाणी हवंय." "त्याला ते आवडत नाही." "तो येतो म्हणतोय." तो काहीच म्हणालेला नसतो. एकदा भाऊजींच्या लग्नाची बोलणी झाली, तेव्हाही सगळं सासूबाईच बोलल्या. मुलगी जाताना म्हणाली, "सासू पसंत आहे, पण लग्न त्यांच्याशी कसं करू?" आमच्या घरात हे हसत हसत सांगतात. भाऊजी तेव्हा उठून जातात.

आणि आमचं चर्च. मला ते आवडतं, आधीच सांगते. पहाटेची शांतता कशी असते, तशी तिथली शांतता. केव्हा उठायचं, केव्हा बसायचं, केव्हा गुडघे टेकायचे हे ठरलेलं. प्रार्थना छापलेल्या आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायच्या. गंमत अशी, की त्या म्हणताना भाऊजी अजिबात अडत नाहीत. गाताना नाहीत, सगळ्यांबरोबर म्हणताना नाहीत. उलट माझ्या शेजारी त्यांचा आवाज इतका स्वच्छ चालतो, की माझीच ओळ चुकली तर मी त्यांच्या आवाजाला धरून पुढे जाते. एकट्याने बोलायची वेळ आली की मात्र दार बंद. शास्त्रवाचन आळीपाळीने असतं. शिक्षक वाचतात, औषधांच्या दुकानातले काका वाचतात, मीही वाचते. भाऊजींची पाळी कधी आली नाही. कोणी नको म्हणालं नाही, कोणी या म्हणालं नाही.

नव्या चर्चमध्ये ते गेले ते दुरुस्तीलाच. अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडत होता. दुरुस्त केला, पण परत तापतो का ते बघायला मागे थांबले. तेवढ्यात सगळ्यांची प्रार्थना सुरू झाली. तिथे प्रत्येकजण आपापली, आपल्याच शब्दांत, मोठ्याने आणि एकदमच करतो. भाऊजींनी मला नंतर लिहून दाखवलं होतं. "त्या गोंगाटात मी बोललो. छापलेलं नाही, माझं स्वतःचं. अडलो नाही." त्यानंतर त्यांनी आमच्या चर्चला येणं सोडलं आणि तिथे मिक्सरवर बसायला लागले. पास्टरांनी त्यांना तसं न अडता बोलताना ऐकलं आणि चमत्कार झाला असं धरून टाकलं.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "चर्चमध्ये मिक्सर? काय वाटतात त्यात?"

"आई, आवाज कमीजास्त करायचं यंत्र असतं ते," मी म्हणाले.

"मग त्या पास्टराचा कमी करा म्हणावं. गल्लीपर्यंत ऐकू येतो."

साक्षीचं कळल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. शनिवारी माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घेतलं. "तू जा त्याच्याबरोबर. पण माइक हातात घेऊ देऊ नकोस. चारचौघांत त्याची शोभा होईल आणि मग तो दुकानातून बाहेरच पडणार नाही. मी ओळखते त्याला." मी हो म्हणाले. पण भाऊजींनाही मी आधीच हो म्हणून बसले होते.

दुपारी दुकानात गेले. ते मोठ्याने गाणं लावून त्यावर साक्षीची तालीम करत होते. "मी लहानपणापासून अडखळत होतो, पण आता…" शब्द भरभर, एकही अडला नाही. मला वाटलं, झालं की! एवढ्यात त्यांनी बटण फिरवून गाणं बंद केलं आणि तेच वाक्य पुन्हा सुरू केलं. "मी ल… ल… ल…" त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पास्टरांना माहीत आहे?" मी विचारलं.

मान हलवली, नाही.

रविवारी गेलो. एका गोदामाच्या वरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे जाड पडदा, ड्रमवाल्याभोवती काचेसारखी भिंत. दारातच एका बाईने मला मिठी मारली. मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. "आलात! प्रभूची स्तुती असो!" मी नमस्कारासाठी जोडलेले हात तिच्या आणि माझ्या मध्ये अडकले.

गाणी सुरू झाली. शब्द भिंतीवर दिसत होते. एकच ओळ, पुन्हा तीच, आणखी एकदा तीच. आमच्याकडे चार कडवी म्हणून आपण खाली बसतो. इथे ओळ संपतच नव्हती. सगळ्यांचे हात वर आणि मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना. पर्स धरली. मग वाटलं, पर्स धरून देवापुढे उभी राहिलेली मी एकटीच दिसतेय, म्हणून ती खुर्चीवर ठेवली. मग पर्सकडेच लक्ष. शेजारची बाई, हातांवरून धुण्याभांड्यांचं काम करणारी वाटत होती, डोळे मिटून रडत होती. तिचा चेहरा मात्र रडणाऱ्याचा नव्हता, ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा होता. मला राग आला, आणि राग का आला तेही कळेना. शास्त्रात नाचणारेही आहेत आणि गप्प बसणारेही आहेत, देवाने दोघांचंही ऐकलं. हे मला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि ड्रमशेजारी उभं राहणं वेगळं.

मग ती प्रार्थना आली, सगळ्यांची एकदम. मला वाटलं छत वर उचललं जाईल. कोणी कळणाऱ्या भाषेत, कोणी न कळणाऱ्या. मी मागे वळून पाहिलं. मिक्सरच्या मागे भाऊजी उभे होते, ओठ हलत होते, भरभर, न थांबता. मी दोन रांगा मागे सरकले. कान देऊन ऐकलं. ते त्यांच्या वडिलांबद्दल बोलत होते. शेवटच्या आजारात वडिलांनी काहीतरी विचारलं होतं आणि उत्तर तोंडातून येईपर्यंत ते झोपले होते, असं काहीतरी. मी परत जागेवर आले. ते ऐकायचा हक्क माझा नव्हता. पण सासऱ्यांना जाऊन इतकी वर्षं झाली आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

"आणि आता आपला साउंडवाला भाऊ!" पास्टर म्हणाले. तरुण माणूस, हसरा, वाईट मुळीच नाही. टाळ्या पडल्या. कीबोर्डवाल्याने हळू सूर धरला. साक्षीच्या वेळी मागे तो सूर असतोच म्हणे.

भाऊजींना अडवायचं तर हीच वेळ होती. मी खुर्चीतून अर्धी उठलेही. पण भाऊजी पुढे निघायच्या आधी मिक्सरवर वाकले आणि त्यांनी कीबोर्डच्या आवाजाची पट्टी खाली ओढली. पूर्ण खाली. कीबोर्डवाला बोटं चालवतच होता, आवाज नव्हता. त्याने मागे बघितलं, भाऊजींनी हातानेच सांगितलं, राहू दे.

मला तेव्हा कळलं. त्या सुरावर ते सहज बोलून गेले असते. चमत्कार झाला म्हणून सगळा हॉल नाचला असता.

"मी… दु… दु…"

"हालेलुया!" कोणीतरी मदतीला धावलं.

"दुकानात… स… स…"

"आमेन! आमेन!"

पास्टर जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "भाऊ म्हणतोय, की प्रभूने त्याची जीभ—"

भाऊजींनी मान हलवली. पुन्हा तोंड उघडलं. मान ताणली गेली, डोळे मिटले, शब्द काही येईना. पास्टर आता त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करायला लागले, शंकेच्या आत्म्याला बाहेर जायला सांगू लागले. लोकांनीही हात पुढे केले. गलका झाला. त्या गलक्यात भाऊजी बोलू शकले असते, अगदी सरळ, आणि कोणालाही ते ऐकू आलं नसतं.

"अहो, थांबा ना! त्यांना बोलू द्या की!"

हे मी म्हणाले. म्हणाले कसलं, ओरडले. ज्या बाईने चर्चमध्ये खोकलासुद्धा रुमालात दाबला, तिने. शेजारची बाई डोळे न उघडता म्हणाली, "आमेन!"

कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने गलका मोडला. पास्टरांनी हात काढला. शांतता झाली. आमच्या चर्चमधली नव्हे, दुसरीच. सगळे भाऊजींच्या तोंडाकडे बघत होते.

फार वेळ लागला. मी त्यांचं बोलणं इथे अडखळण्यासकट लिहीत नाही. ते म्हणाले, "माझी जीभ मोकळी झालेली नाही. सगळे बोलतात तेव्हा चालते, एकटा असलो की अडते. अडली तरी मी देवाशी बोलतो. त्याला घाई नाही. एवढंच." माइक जागेवर ठेवला आणि जाऊन मिक्सरची पट्टी वर केली.

थोड्यांनी टाळ्या वाजवल्या, थोड्यांनी नाही. पास्टर म्हणाले, "विश्वास धरा, भाऊ. पुढच्या वेळी पूर्ण होईल." मायेने म्हणाले. भाऊजींचा चेहरा पडला तो त्या वाक्याने. अडखळले तेव्हा पडला नव्हता.

रस्त्यात आम्ही दोघं चालत होतो. मला त्यांचं कौतुक करायचं होतं आणि सुचत होतं ते सगळं पास्टरांसारखंच.

"पु… पुढच्या रविवारी कु… कुठेच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? आपल्या चर्चला या ना."

"ति… तिथे घाई करतात." दोन दुकानं मागे पडली. "तुम्ही टा… टाळता."

तुम्ही म्हणाले. आपण नाही. मला ते लागलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते हसले आणि म्हणाले, "व… वहिनी, ओरडलात छान. माइक न… नसताना."

घरी सासूबाई दारातच. भाऊजींना बाजूला सारून मलाच विचारलं, "काय झालं? काय म्हणाला तो? हसले का लोक?"

"त्यांनाच विचारा, आई."

"तो कसला सांगतोय! तू सांग ना."

मी चपला काढत बसले. एक पट्टा सोडवायला किती वेळ लावता येतो तेवढा लावला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मग भाऊजींकडे. दोनदा त्यांनी स्वतःच वाक्य सुरू केलं आणि दोनदा गिळलं. भाऊजी उभे होते, मान ताणलेली. "आ… आई… मी ख… खरं सांगितलं." सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं, "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. रागावल्या की रडल्या, मला कळलं नाही. भाऊजी दुकानात निघून गेले. रविवारी दुकान बंद असतं.

आज सोमवार. सकाळपासून घरात कुठे बसवत नाही. प्रार्थनेला बसले तर छापलेले शब्द नुसतेच ओठांवरून जातात आणि स्वतःचे सुचत नाहीत. त्या हॉलमध्ये परत जायची मला इच्छा नाही. ड्रम अजून डोक्यात वाजतो. पण तिथे एक माणूस आपल्या बापाबद्दल बोलला आणि आमच्या शांत चर्चमध्ये इतकी वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून तो ते पोटात घेऊन उभा होता, हे मनातून जात नाही. शांततेवर माझं प्रेम आहे. ती शांतता त्यांच्या वाट्याला काय म्हणून आली, हा विचार मला कधी सुचला नव्हता.

मघाशी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे जायला निघाले होते, येत्या रविवारचं शास्त्रवाचन भाऊजींना द्या म्हणून सांगायला. फाटकापर्यंत जाऊन परत आले. पास्टरांनी तरी वेगळं काय केलं होतं? माणसाला न विचारता त्याचं नाव जाहीर केलं होतं. आणि भाऊजींनी वाचायला घेतलं तर औषधवाले काका घड्याळ बघतील, मागच्या रांगेत कोणी खाकरेल, सगळे माना खाली घालून बोटांची नखं बघत बसतील. ते मी त्यांच्या गळ्यात मारू का? की त्यांनी शटर ओढून आत बसावं, म्हणजे आम्हा सगळ्यांचे रविवार सुरळीत?

आधी दुकानात जाते. वाचन हवंय का, एवढंच भाऊजींना विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत तिथे बसायचं.