माळेतला खोटा रुपया

अहेरीच्या बाजारात चांदीच्या दुकानात मी लेकीसाठी पैंजण बघत होतो, तेव्हा एक म्हातारी दिसली. आपल्या दोन लेकींत वाटायला तिनं गळ्यातली जुन्या रुपयांची माळ सोडली होती. दुकानदार चाचा एकेक रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकत होते. एक बद्द वाजला.

"बाई, वरून चांदीचं पाणी हाये, अंदर जस्त. हा कोणीच घेणार नाई."

मला वाटलं, तो खोटा रुपया देणाऱ्याला ती शिव्या घालेल. तिनं तो रुपया पदरानं पुसला, दोऱ्यात ओवला आणि पुन्हा गळ्यात बांधला.

"फेकून काऊन नाई देत, बाई?" मी विचारलं.

"खरे सारे लेकीयसंग चालले, भाऊ," ती हसली. "माह्यासंग हाच तं राह्यला."